एका डिस्कचे अनेक धनी

एखादी वस्तू एकच असावी आणि तिचा उपयोग करणारी माणसे अनेक असावीत, असे झाले की दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. पहिला वाटणीचा आणि दुसरा नोंदीचा. शेत, विहीर, वाडा यांच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी या प्रश्नांची उत्तरे शोधली व ती दप्तरात लिहून ठेवली. मेनफ्रेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या संगणकापुढेही हेच दोन प्रश्न उभे राहिले. त्याच्या कार्यप्रणालीने ते कसे सोडविले, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे, तेव्हा गणिताच्या धास्तीने कोणी हा लेख अर्धवट सोडू नये. बेरीज, गुणाकार आणि पटवाऱ्याच्या दप्तराची थोडीशी ओळख, एवढे साहित्य पुरेसे आहे.

यंत्र एक, माणसे अनेक

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळी असे यंत्र संपूर्ण देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. शास्त्रज्ञांनी आपले काम भोके पाडलेल्या कार्डांवर लिहून आणावे, कार्डांचा गठ्ठा खिडकीशी द्यावा आणि पाळी आल्यावर निघालेला छापील कागद घेऊन जावे, अशी त्या काळातील मोठ्या संगणकांवरील सर्वसाधारण रीत होती. एक स्वल्पविराम चुकला तरी पुन्हा रांगेत उभे राहणे आले. यंत्राचा क्षणन् क्षण मोलाचा, म्हणून माणसाने यंत्राची वाट पाहावयाची, असा तो व्यवहार होता.

त्याच सुमारास अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या शास्त्रीय केंद्रात रॉबर्ट क्रीसी व त्यांचे सहकारी निराळा विचार करीत होते. प्रत्येक माणसाला संपूर्ण यंत्र देणे शक्य नाही. परंतु आपल्यापाशी संपूर्ण यंत्र आहे असा भास प्रत्येकाला देता येईल काय? १९६४ मध्ये हाती घेतलेले हे काम १९६७ च्या आरंभी सीपी-४० या नावाने चालू झाले. एका यंत्रावर चौदा आभासी यंत्रे एकाच वेळी नांदू लागली. त्यापुढची पायरी सीपी-६७ ही होती, आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने हीच कल्पना आयबीएमने सर्व ग्राहकांसाठी खुली केली.

या व्यवस्थेतील कामाची विभागणी प्रथम नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढील सारा विषय तिच्यावर उभा आहे. तिच्यात दोन कारभारी आहेत. पहिला सीपी, म्हणजे नियंत्रक. तो खऱ्या यंत्राची वाटणी करतो आणि प्रत्येकाला आभासी स्मृती, आभासी मुद्रक व आभासी डिस्क देतो. त्या डिस्कवर कोण काय लिहितो याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दुसरा सीएमएस. हा प्रत्येकाच्या आभासी यंत्रात स्वतंत्रपणे राहतो आणि मिळालेल्या डिस्कवर फाइली मांडतो, शोधतो, पुसतो. शेताच्या सीमा ठरविणारा पटवारी निराळा आणि शेतात काय पेरावे हे ठरविणारा शेतकरी निराळा, तसाच हा प्रकार आहे.

डिस्कची घडण

वाटणी समजण्यासाठी आधी जमीन पाहिली पाहिजे. डिस्क म्हणजे एकाच आसावर बसविलेल्या, वेगाने फिरणाऱ्या चुंबकीय तबकड्यांची चवड. प्रत्येक तबकडीवर एकात एक अशी वर्तुळे असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. वाचणारे सूक्ष्म डोके प्रत्येक पृष्ठासाठी एक असते आणि ही सर्व डोकी एकाच दांड्याला जोडलेली असल्यामुळे ती एकदमच आत-बाहेर सरकतात. दांडा न हलविता जेवढे ट्रॅक वाचता येतात, म्हणजे एकाखाली एक येणारी जेवढी वर्तुळे असतात, त्या सर्वांचा मिळून एक सिलिंडर होतो. वाटणीचे माप म्हणून सिलिंडर सोयीचा, कारण एका सिलिंडरातील मजकूर दांडा हलविल्याविना हाती येतो.

आयबीएमच्या ३३९० जातीच्या डिस्कचे उदाहरण घेऊ. तिच्या एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइट मावतात आणि एका सिलिंडरात १५ ट्रॅक असतात. म्हणजे एका सिलिंडरात ८,४९,९६० बाइट झाले. तिच्या तिसऱ्या नमुन्यात असे ३,३३९ सिलिंडर आहेत. एकूण क्षमता सुमारे २८४ कोटी बाइट. परंतु जमिनीत बांध घातले की लागवडीचे क्षेत्र थोडे घटते, तसेच येथेही घडते. सीएमएस डिस्कवर समान आकाराचे ब्लॉक आखतो. ४,०९६ बाइटांचे ब्लॉक घेतल्यास एका ट्रॅकवर १२ व एका सिलिंडरात १८० ब्लॉक बसतात, आणि प्रत्यक्ष उपयोगाची जागा सिलिंडरमागे ७,३७,२८० बाइट उरते. बाकीची जागा दोन ब्लॉकांमधील अंतरांत जाते.

खतौनी आणि खसरा

आता एवढी मोठी डिस्क एकाच माणसाला देणे म्हणजे एका कुटुंबाला सारा गाव देण्यासारखे होईल. म्हणून सीपी तिचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकडा सलग सिलिंडरांचा असतो. त्याला मिनिडिस्क म्हणतात. हे तुकडे पाडण्यासाठी डिस्कवर प्रत्यक्षात रेघही ओढावी लागत नाही. सारी वाटणी एका वहीत असते. त्या वहीचे नाव निर्देशिका. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाखाली त्याचे तुकडे लिहिलेले असतात. उदाहरणार्थ:

एमडिस्क १९१ ३३९० १०१ १० व्हीएम०१ एमआर

या ओळीचा अर्थ असा. १९१ हा त्या माणसाच्या दृष्टीने डिस्कचा क्रमांक. ३३९० ही डिस्कची जात. १०१ हा आरंभीचा सिलिंडर. १० ही सिलिंडरांची संख्या. व्हीएम०१ हे खऱ्या डिस्कचे नाव. आणि एमआर ही वापराच्या हक्काची खूण. या माणसाला आपली डिस्क शून्यापासून नवापर्यंत दहा सिलिंडरांची आहे असेच दिसते. त्याने तिसरा सिलिंडर मागितला की सीपी मुकाट्याने त्यात १०१ मिळवितो आणि खऱ्या डिस्कच्या १०४ व्या सिलिंडराकडे दांडा नेतो. त्याने दहावा मागितला तर असा सिलिंडर नाही, असे उत्तर मिळते. कारण शून्यापासून मोजल्यावर त्याचा शेवटचा सिलिंडर नववा, म्हणजे खऱ्या डिस्कवरील ११० वा आहे. आभासी डिस्क म्हणजे काय, याचे सारे रहस्य या एका बेरजेत आणि एका मर्यादेत आहे.

आपल्या माळव्यात जमिनीची नोंद दोन प्रकारे ठेवतात, हे उज्जैन परिसरातील शेतकरी कुटुंबांतील मुलांना ठाऊक असेल. खसऱ्यात शेताच्या क्रमांकाप्रमाणे नोंद असते: अमुक क्रमांकाचे शेत, एवढे क्षेत्र, अमका धनी. खतौनीत धन्याच्या नावाप्रमाणे नोंद असते: अमका धनी, त्याची ही ही शेते. महाराष्ट्रातील आपल्या आप्तांकडे सातबारा आणि आठ-अ हे उतारे अशाच जोडीचे आहेत. दोन्ही वह्यांत माहिती एकच, परंतु दोन्हींची गरज आहे. माझ्याजवळ काय आहे, हे खतौनी सांगते. एकाच जमिनीवर दोघांची नावे तर चढलेली नाहीत ना, हे मात्र खसरा उघडल्यावाचून कळत नाही.

सीपीची निर्देशिका ही खतौनी आहे. ती माणसांच्या क्रमाने लिहिलेली असते, आणि धोका नेमका तेथेच आहे. समजा, व्यवस्थापकाने दुसऱ्या कोणाला १११ ऐवजी १०९ पासून दहा सिलिंडर लिहून दिले. दोन्ही ओळी आपापल्या जागी निर्दोष दिसतात. परंतु १०९ आणि ११० हे सिलिंडर आता दोघांचे झाले. त्या दिवशी कदाचित काहीच घडणार नाही. पहिल्याची डिस्क अर्धी रिकामी असेल तर शेवटच्या दोन सिलिंडरांत त्याने अद्याप काही लिहिलेलेच नसेल. काही महिन्यांनी त्याच्या फाइली वाढत वाढत तेथे पोचतात आणि दुसऱ्याच्या डिस्कचा अगदी आरंभीचा भाग, जेथे त्या डिस्कची ओळख व यादी असते, तोच पुसला जातो. अपराध कोणाचाच नाही; दोघेही आपापल्या हद्दीत वागत होते. दोष दप्तराचा.

अशी सामाईक नोंद सरसकट निषिद्धही करता येत नाही. सबंध डिस्कची राखीव प्रत काढणाऱ्या व्यवस्थापकाच्या नावावर पहिल्या सिलिंडरापासून शेवटच्यापर्यंत सगळी डिस्क हेतुपुरस्सर लिहिलेली असते. म्हणून डिस्कमॅप नावाचा एक साहाय्यक कार्यक्रम दिलेला आहे. तो खतौनीवरून खसरा तयार करतो. सर्व ओळी डिस्कच्या व सिलिंडरांच्या क्रमाने लावून कोठे जागा मोकळी आहे व कोठे दोन तुकडे एकमेकांवर चढले आहेत, ते तो छापून देतो. सुज्ञ व्यवस्थापक नवी वाटणी अमलात आणण्यापूर्वी हा कागद वाचतो.

फाइलचे तिहेरी नाव

हद्द ठरली, आता शेतकऱ्याकडे वळू. सीएमएसमध्ये प्रत्येक फाइलला तीन भागांचे नाव असते. पहिला भाग फाइलचे स्वतःचे नाव, दुसरा तिचा प्रकार, आणि तिसरा ती कोणत्या डिस्कवर आहे ते सांगणारे एक अक्षर व एक अंक. पहिले दोन भाग प्रत्येकी आठ अक्षरांपर्यंत असू शकतात. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशी तीन पदे लावणाऱ्या मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. मिनिडिस्कवर पोटकप्पे नसतात. सर्व फाइली एकाच यादीत असतात. तेव्हा घरातील पसारा आवरावयाचा तो नावाच्या शिस्तीनेच.

रोमन वर्णमालेतील ए पासून झेड पर्यंतची सव्वीस अक्षरे डिस्कना दिली जातात. माणसाची स्वतःची १९१ क्रमांकाची डिस्क ही ए. कार्यप्रणालीचे सामान्य कार्यक्रम असलेली १९० क्रमांकाची डिस्क ही एस. ती सर्वांना वाचता येते, पण लिहिता येत नाही. एकच प्रत शेकडो लोक वापरतात, त्यामुळे प्रत्येकाच्या डिस्कवर तिची नक्कल ठेवण्याचा अपव्यय टळतो.

एखाद्या फाइलचे नाव घेतले आणि अक्षर सांगितले नाही, तर सीएमएस ए पासून वर्णक्रमाने शोध घेतो व जेथे प्रथम सापडेल तेथे थांबतो. ही सोय मोठी आहे. सर्वांसाठी असलेल्या कार्यक्रमात मला थोडा फरक हवा असेल, तर त्याच नावाची माझी फाइल ए डिस्कवर ठेवली की पुरे. मला माझी मिळेल, इतरांना पूर्वीचीच. परंतु त्याच सोयीत एक खळगाही आहे. स्वतःची जुनी नक्कल ए डिस्कवर विसरून राहिली, तर सर्वांसाठी सुधारलेली नवी आवृत्ती आली तरी आपल्याला जुनीच दिसत राहते.

अक्षरानंतरचा अंकही अर्थपूर्ण आहे. साध्या फाइलीला १ असतो. ० असलेली फाइल, आपली डिस्क केवळ वाचण्यासाठी जोडून घेणाऱ्याला दाखविली जात नाही. मात्र हा सौजन्याचा पडदा आहे, तिजोरीचे कुलूप नव्हे. ३ असलेली फाइल एकदा वाचली की पुसली जाते. ६ असलेल्या फाइलीत बदल जागच्या जागी केला जातो. या शेवटच्या अंकाचे महत्त्व पुढील प्रकरणावरून कळेल.

जुने पुसण्यापूर्वी नवे

प्रत्येक मिनिडिस्कवर फाइलींची एक यादी असते आणि कोणते ब्लॉक भरलेले व कोणते मोकळे हे दाखविणारा एक नकाशा असतो. फाइल बदलताना सीएमएस साधारणतः जुन्या ब्लॉकांना हात लावीत नाही. बदललेला मजकूर तो मोकळ्या ब्लॉकांत लिहितो. नंतर नवी यादी आणि नवा नकाशाही नव्या जागी लिहितो. आणि सर्व सिद्ध झाल्यावर डिस्कच्या आरंभीच्या लेबलामधील एकच निर्देश बदलतो: यापुढे यादी येथे पाहावी. हा निर्देश बदलण्यापूर्वी वीज गेली, तर जुनी यादी व जुनी फाइल जशीच्या तशी शाबूत असते. बदलल्यानंतर गेली, तर नवे सर्व पूर्ण असते. अर्धे जुने व अर्धे नवे अशी अवस्था येत नाही. अंक ६ असलेल्या फाइलींनी मात्र हे कवच स्वेच्छेने सोडलेले असते. जागा व वेळ वाचतो, पण मध्येच वीज गेल्यास हमी राहत नाही.

लिहिणारा एक, वाचणारे अनेक

आपली डिस्क दुसऱ्याला जोडून देता येते, आणि हक्कांच्या खुणांचे प्रयोजन येथे आहे. केवळ वाचण्यासाठी जोडणे, कोणीही वापरीत नसेल तरच लिहिण्यासाठी जोडणे, आणि इतर वाचीत असले तरी चालेल पण दुसरा लिहिणारा नसावा या अटीवर जोडणे, असे वेगवेगळे हक्क आहेत. वाचण्याचा, लिहिण्याचा व अनेकांबरोबर लिहिण्याचा असे तीन निरनिराळे परवलीचे शब्दही निर्देशिकेत नोंदविता येतात. याखेरीज एक अखेरचा हक्क आहे. त्याची खूण एमडब्ल्यू. इतर कोणी लिहीत असले तरी मलाही लिहू द्यावे, असा त्याचा अर्थ.

सीएमएसच्या डिस्कवर हा हक्क वापरणे म्हणजे नाश ओढवून घेणे. का, ते पाहा. डिस्क उघडताना प्रत्येकाचा सीएमएस तिची यादी व नकाशा आपल्या स्मृतीत उतरवून घेतो. गोविंद आणि गणपत अशी दोन माणसे कल्पू. दोघांच्याही नकाशात ५०० वा ब्लॉक मोकळा आहे. गोविंदाने तेथे आपला मजकूर लिहिला. गणपताच्या नकाशाला याची वार्ता नाही. त्यानेही तेथेच लिहिले. गोविंदाने आपली यादी डिस्कवर ठेवली, मागाहून गणपताने आपली ठेवली. आता शेवटची यादी गणपताची. तिच्यात गोविंदाच्या नव्या फाइलीचे नावसुद्धा नाही. सीपी मध्ये पडत नाही, कारण हद्द कोणीच ओलांडलेली नाही. दोघांनीही एकही चूक केली नाही आणि तरी गोविंदाचे काम बुडाले.

निव्वळ वाचणाऱ्यालाही एक पथ्य आहे. त्याने सकाळी उतरवून घेतलेली यादी सकाळचीच राहते. दुपारी धन्याने फाइल बदलली, जुने ब्लॉक मोकळे झाले व त्यांत दुसरेच काही लिहिले गेले, तर वाचणाऱ्याची यादी त्याला भलत्याच मजकुराकडे नेते. यावर उपाय म्हणजे डिस्क पुन्हा उघडून ताजी यादी घेणे. ही अडचण दूर करण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सामाईक फाइलपद्धती आणण्यात आली. तिच्यात यादी एका स्वतंत्र सेवकयंत्राच्या ताब्यात असते. हक्क सबंध डिस्कवर न देता एकेका फाइलीवर देता येतो आणि पोटकप्पेही करता येतात. सर्वांनी आपापली यादी बाळगण्याऐवजी एकाच विश्वासू कारकुनाला विचारावे, हा तिचा सारांश.

मुदतीची जमीन

गोव्यात गावकरी नावाची जुनी संस्था आहे. पोर्तुगीज अमदानीत तिला कोमुनिदाद म्हणू लागले. १५२६ सालच्या फोराल नावाच्या लेखात तिच्या रूढी नोंदविलेल्या आहेत. गावची शेते सामाईक. ती लिलावाने ठरावीक मुदतीसाठी कसावयास द्यावयाची आणि मुदत संपली की पुन्हा गावाकडे घ्यावयाची, अशी तेथील पद्धत होती. आम्हां कोंकणी कुटुंबांत हा शब्द लहानपणापासून कानी पडतो. सीपीपाशीही अशीच मुदतीची जमीन असते. काही सिलिंडर कोणाच्याही नावावर न लिहिता राखून ठेवलेले असतात. मोठ्या कामासाठी क्षणिक जागा हवी असेल, तर त्यांतून तात्पुरती डिस्क मागून घ्यावी. काम संपवून यंत्रातून बाहेर पडताच ती परत जाते. येथे एक सावधगिरी मात्र पाहिजे. डिस्क परत जाताना तिच्यावरील अक्षरे पुसण्याची आज्ञा व्यवस्थापकाने दिलेली नसेल, तर पुढच्या माणसाच्या हाती मागच्याचे कागद लागू शकतात.

उपसंहार

ही सारी व्यवस्था जुन्या काळची म्हणून संग्रहालयात गेलेली नाही. झेड/व्हीएम या नावाने ती आजही चालू आहे आणि एका मेनफ्रेमवर लिनक्सची शेकडो आभासी यंत्रे चालविते. आज क्लाउड या नावाने जो दूरचा संगणक भाड्याने मिळतो, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे: खरे यंत्र एक, आभासी अनेक. आपण फोनमधून छायाचित्र दूर कोठेतरी साठवितो, तेव्हा तेही अशाच एखाद्या वहीत लिहिलेल्या हद्दीच्या आत जाऊन बसते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे पुणे, इंदूर, मुंबई येथे किंवा परदेशी जाऊन अशा यंत्रांवर काम करतील. बँकेतील ठेव, रुग्णाचा अहवाल, परीक्षेचा निकाल अशा परक्यांच्या मोलाच्या गोष्टी तुमच्या हाती सोपविल्या जातील. त्या वेळी ध्यानात ठेवावे की तेथे भिंती नाहीत. जे आहे ते केवळ वहीतील आकड्यांवर उभे आहे. धन्याप्रमाणे व जमिनीप्रमाणे अशा दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात, एका वेळी लिहिणारा एकच ठेवावा, आणि नवे सुरक्षित होईपर्यंत जुन्याला हात लावू नये. हे तीन नियम यंत्राने शोधलेले नाहीत; चांगल्या दप्तरदाराला ते फार पूर्वीपासून ठाऊक आहेत.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका मिनिडिस्कचा आरंभ ५०० व्या सिलिंडरापासून असून तिच्यात २५ सिलिंडर आहेत. खऱ्या डिस्कवरील तिचा शेवटचा सिलिंडर कोणता? ४,०९६ बाइटांचे ब्लॉक आखल्यास तिच्यात किती बाइट मावतील?

२. पुढील तीन नोंदींतील दोन तुकडे एकमेकांवर चढले आहेत. कोणते, आणि किती सिलिंडरांनी? (अ) आरंभ १, संख्या ४०. (आ) आरंभ ६०, संख्या २०. (इ) आरंभ ३८, संख्या १५. कोणते सिलिंडर अद्याप कोणाच्याच नावावर नाहीत?

३. आपल्या वर्गाच्या वाचनालयातील पुस्तकांची नोंद खतौनीप्रमाणे व खसऱ्याप्रमाणे अशा दोन वह्यांत करून पाहा. दोन्ही वह्या जुळल्या नाहीत तर दोष कसा शोधाल, ते लिहा.